घडीचा चाकू आणि दख्खनचे पोलाद

आपल्या शाळेच्या दिवसांत कंपासपेटीत किंवा खिशात घडीचा चाकू सापडणे नवलाचे नव्हते. पेन्सिल तासायला, कैरीच्या फोडी करायला, दोरा कापायला तो हाताशी असे. शहागंजच्या बाजारात उर्दू वळणाची वडीलधारी मंडळी अशा चाकूला 'कलमतराश' म्हणत, म्हणजे कलम तासणारा. इंग्रजीतला 'पेननाइफ' हा शब्दही त्याच अर्थाचा. आपला 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला, आणि 'शिकलगार' हे आडनाव पात्यांना झळाळी व धार देणाऱ्यांच्या धंद्यावरून पडले. या छोट्या वस्तूमागे दख्खनचा मोठा इतिहास आहे. तो आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हता, म्हणून इथे थोडक्यात मांडतो.

असे चाकू जमवणारे छांदिष्ट आज जगभर आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना चाकू जुन्याच घाटाचा लागतो: हाडाची किंवा शिंगाची मूठ, खटका नाही, पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहणारे पाते. पोलाद मात्र नव्यातले नवे हवे. वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत सोडून त्याची भुकटी करतात आणि ती प्रचंड उष्णतेत व दाबाखाली पुन्हा एकजीव करतात. त्यामुळे धार टिकवणारे कार्बाइडचे कण बारीक आणि सारखे पसरतात. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने १९७० च्या सुमारास हे तंत्र बाजारात आणले. २०२१ मध्ये आलेले 'मॅग्नाकट' हे पोलाद लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने बेतले. संग्राहकांना पोलादाचे नाव, कारखाना आणि शास्त्रज्ञही तोंडपाठ असतात.

पण छोट्या चाकूला आपल्या काळातले नामांकित पोलाद बसवून पाहण्याची कल्पना नवी नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याची लढाई झाली, हे आपण सनावळीत पाठ केले होते. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ११ जूनला, लंडनच्या रॉयल सोसायटीत जॉर्ज पिअर्सन यांचा 'वुट्झ' नावाच्या हिंदुस्थानी पोलादावरचा निबंध वाचला गेला. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले होते. बँक्स यांच्या सांगण्यावरून स्टोडार्ट या चाकू-कारागिराने त्यातल्या एका तुकड्याचा पेननाइफ घडवला. ४५० अंश फॅरनहाइटवर त्याला पाणी उतरवले, आणि त्याची धार उत्तमातल्या उत्तम पोलादी चाकूइतकी भरली. पुढे याच स्टोडार्टने मायकेल फॅरेडे यांच्यासोबत पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. १८२० मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. विज्ञानाच्या तासाला विजेच्या धड्यात भेटलेले हेच ते फॅरेडे. लोहाराचे पोर.

पिअर्सन यांच्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत तयार होणारे' म्हटले आहे. मुंबई हे फक्त पाठवणीचे ठिकाण होते. वुट्झच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या. त्यांतले एक नामांकित गाव कोनासमुद्रम, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, आज तेलंगणच्या निझामाबाद जिल्ह्यात. आपल्या स्टेशनवरून नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गाडी याच जिल्ह्यातून जाते. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कोळसा यांसारखे कार्बन देणारे पदार्थ घालून ती दीर्घकाळ तापवत, मग सावकाश थंड होऊ देत. आतून पोलादाची वडी निघे. इराणचे व्यापारी ती घ्यायला इथपर्यंत येत. हेन्री व्हॉयसी यांनी पाहिलेल्या या कामाचे वर्णन १८३२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापले गेले. पुढे कारखान्यांतले स्वस्त विलायती पोलाद आले, आणि या भट्ट्या एकेक करून विझल्या.

या हकिकतीत एक गोष्ट खटकते. नमुने पाठवणारा डॉक्टर, निबंध लिहिणारा, चाकू घडवणारा, भट्टी पाहून जाणारा, सगळ्यांची नावे नोंदली गेली. मूस लावणाऱ्याचे नाव त्या निबंधाच्या शीर्षकात नाही, त्याचे गावही नाही. तिथे फक्त बंदर आले. त्याची विद्या हातातून हातात जाणारी होती. भट्टी विझल्यावर हात थांबले आणि विद्याही गेली. शास्त्रज्ञ आजही प्रयोगशाळेत वुट्झच्या पात्यावरची नक्षी पुन्हा उमटवण्यासाठी खपतात.

म्हणून कुणाच्या घरी आजोबांचा जुना चाकू, अडकित्ता किंवा विळी असेल, तर ती भंगारात देण्याआधी मुठीजवळचा ठसा वाचा. तो कुणी केला, कुणी वापरला, धार कोण लावत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी वस्तूसोबत ठेवा. या स्मरणिकेत आपण गुरुजनांची, शिपाईमामांची, प्रत्येक वर्गमित्राची आणि मैत्रिणीची नावे नोंदतो आहोत, तेही याच कारणाने. वस्तू पेटीत टिकते. ती करणारा माणूस मात्र कुणीतरी नाव लिहून ठेवले तरच टिकतो.