बेट, वंश आणि रोग : मॉरिशस व रेयुनियाँ

बेटांवरील लोकसमूहांविषयी आनुवंशिकीच्या अभ्यासकांना विशेष ओढ वाटत आली आहे. मोजकी माणसे एखाद्या बेटावर वस्ती करतात, त्यांच्यातच विवाहसंबंध होत राहतात आणि मूळ वसाहतकारांपैकी एखाद्याच्या अंगचा दुर्मिळ गुण काही पिढ्यांत सर्वत्र पसरतो. या कल्पनेस अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये संस्थापक-तत्त्वाचे रूप दिले. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन दा कुन्हा हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. १९६१ साली ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे तेथील रहिवाशांना इंग्लंडमध्ये आणण्यात आले, तेव्हा त्यांच्यात दम्याचे प्रमाण विलक्षण असल्याचे दिसून आले. हे उदाहरण खरे आहे. परंतु त्यावरून ‘बेट’ म्हणजे ‘बंदिस्त वंश’ असे समीकरण रूढ झाले, ते मात्र तपासून पाहावयास हवे. तशी तपासणी करण्यास मराठी भाषकांची शतकाहून अधिक काळ वस्ती असलेल्या मॉरिशसइतके सोयीचे ठिकाण क्वचितच आढळेल.

मॉरिशसला मूळ रहिवासीच नव्हते. १६३८ मध्ये डचांनी वसाहत केली, १७२१ पासून फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३४ पासून गुलामांच्या जागी भारतीय करारबद्ध मजूर येऊ लागले व पुढील पाऊण शतकात त्यांची संख्या सुमारे साडेचार लाखांवर गेली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याच्या व त्याखालोखाल मद्रासच्या बंदरातून निघाले. मुंबईहून गेलेले संख्येने सर्वांत थोडे. मराठी बोलणारे या शेवटच्या प्रवाहातील होत. त्यांच्याबरोबर बेटावर आफ्रिकी, मलागासी, युरोपीय व चिनी वंशाचे लोक होतेच. अशा बेटास बंदिस्त म्हणण्यापेक्षा वंशांचे बंदर म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या बेटाच्या इतिहासातील पहिला मोठा रोगप्रसंग हिवतापाचा. तेथे हिवताप प्रस्थापित झालेला नव्हता. त्यास वाहून नेणारे डासही बाहेरूनच येऊन स्थिरावले. १८६१ मध्ये बेटाची लोकसंख्या सुमारे ३,१०,००० होती. १८६७ या एका वर्षात ३०,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांना शक्य होते ते पोर्ट लुई सोडून क्युरपिपच्या बाजूच्या उंच, थंड पठारावर राहावयास गेले. मळ्यांतील मजुरांना तो मार्ग मोकळा नव्हता. येथे माणसाचा जीव वाचला की गेला, हे त्याच्या वंशाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो किती उंचीवर राहू शकतो यावर अवलंबून होते. १९०७-०८ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी बेटावर येऊन डासांच्या उत्पत्तिस्थानांची पाहणी केली. निर्मूलनाची अधिकृत घोषणा होण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले.

दुसरा प्रसंग मधुमेहाचा असून तो तत्त्वदृष्ट्या अधिक बोधक आहे. १९६२ मध्ये जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुका’ची उपपत्ती मांडली : दुष्काळात शरीरास तारणारी जनुकरचना सुबत्तेत मधुमेहास कारण होते. पॅसिफिकमधील नाऊरू बेटावरील मधुमेहाने या उपपत्तीस बळ मिळाले. १९८७ मध्ये मॉरिशस शासनाने पॉल झिमेट प्रभृती तज्ज्ञांच्या साहाय्याने पाहणी केली, तीत २५ ते ७४ वयोगटातील मधुमेहाचे प्रमाण भारतीय हिंदूंत १२.४, भारतीय मुसलमानांत १३.३, क्रेओलांत १०.४ व चिनी वंशीयांत ११.५ टक्के आढळले. भारतीय रक्तच या रोगास बळी पडते, असे मानणाऱ्यांना हे आकडे अडचणीचे होते. उगमस्थाने एकमेकांपासून इतकी दूर, अंतर्विवाहाची वर्तुळे निराळी. असे असता रोग मात्र जवळजवळ समप्रमाणात. वंशाचा प्रभाव यावरून नाहीसा होत नाही, तथापि या चारही समूहांस समान असलेल्या आहारविहाराकडे लक्ष वळविणे प्राप्त होते. त्याच सुमारास शिधावाटपाच्या तेलातील पामतेलाचे प्रमाण घटवून सोयाबीन तेल वाढविण्यात आले. १९९२ पर्यंत रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी ५.५ वरून ४.७ मिलिमोलवर उतरली. मधुमेह मात्र फारसा हलला नाही व स्थूलता तर वाढलीच.

शेजारच्या रेयुनियाँ बेटावर चित्र उलट दिसते. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाचा शोध लावला. या गटाच्या माणसास ओ गटाचेही रक्त चालत नाही. आपल्यासारखाच दाता मिळाला तरच त्याचे प्राण वाचतात. हाच एच-अभाव रेयुनियाँतही सापडला, आणि तो दोन निराळ्या समूहांत : भारतीय वंशाच्या लोकांत व सिलाओसच्या डोंगरवेढ्यात राहणाऱ्या युरोपीय वसाहतकारांच्या वंशजांत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की भारतीय प्रकारात जनुकाच्या ७२५ व्या स्थानी बदल आहे, तर दुसऱ्यात ३४९ व्या स्थानी. बाह्य लक्षण जवळपास एक, वारसे दोन. सिलाओस हे खऱ्या अर्थाने बेट होय, बेटाच्या पोटातील बेट. रेयुनियाँतील भारतीय बव्हंशी तमिळ किनाऱ्यावरून गेलेले असता त्यांच्या रक्तगटास नाव मात्र मुंबईचे चिकटले, हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे.

नावांचा हा प्रश्न वरवरचा नव्हे. १९८७ च्या पाहणीतील ‘भारतीय हिंदू’ या एका सदरात भोजपुरी, तेलुगू, मराठी अशी निरनिराळी कुळे एकवटली आहेत. त्यांचे विवाहसंबंध दीर्घकाळ भाषेच्या मर्यादेत होत आले, म्हणजे आनुवंशिकीच्या दृष्टीने महत्त्वाची सीमारेषा धर्माची नसून भाषेची होती. धर्माच्या सदरात मराठी कुटुंबांचा मधुमेह वेगळा दिसणे शक्यच नव्हते. मॉरिशसच्या जनगणनेत वंशाचा प्रश्न १९७२ नंतर विचारण्यात आला नाही. १९८३ व २००० च्या जनगणनांत मात्र घरात बोलली जाणारी भाषा व पूर्वजांची भाषा अशी दोन निराळी सदरे होती. पहिल्यात मराठीची जागा क्रेओलने व भोजपुरीने घेतलेली दिसते. दुसऱ्या सदरात ‘मराठी’ असे उत्तर देणारा मनुष्य आपली बोली नव्हे, आपली विवाहमर्यादा सांगत असतो, आणि वैद्यकीय पाहणीला हवी असलेली माहिती नेमकी तीच आहे.