मिकानिया : मुद्दाम लावलेले तण

मिकानिया मायक्रँथा ही मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील वेल. कूळ सूर्यफुलाचे, पाने हृदयाच्या आकाराची, फुले बारीक पांढरी. मायदेशी कीटक आणि बुरशी तिला आवरून धरतात. आशियात ती आली ती माणसांच्या हाताने, आणि हे शत्रू मागेच राहिले.

इंडोनेशियात १९४९ साली ती पॅराग्वेहून बोगोरच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. पुढे रबराच्या मळ्यांत जमीन झाकण्यासाठी ती लावू लागले. भारतातील तिच्या आगमनाचा संबंध दुसऱ्या महायुद्धाशी जोडला जातो : ईशान्येकडील विमानतळ शत्रूच्या नजरेआड ठेवण्यासाठी ती लावली, असे सांगतात. चहाच्या मळ्यांतही धूप थांबवणारे आच्छादन म्हणून तिला जागा मिळाली. हेतू वाईट नव्हते. पण झपाट्याने पसरण्याच्या ज्या गुणासाठी तिची निवड झाली, तोच पुढे नडला.

अनुकूल हवेत ती दिवसाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढते. चहाच्या झुडपांवर, केळीवर, सागाच्या कोवळ्या रोपांवर चढून ती त्यांचा उजेड तोडते. केरळात तिला ‘धृतराष्ट्र पच्चा’ म्हणतात; धृतराष्ट्राची मिठी ठाऊक असलेल्यांना याहून अधिक सांगायला नको. नेपाळमधील चितवनच्या जंगलात गेंड्यांच्या चाऱ्यावरच तिने आक्रमण केले.

निर्मूलन अवघड होण्याचे कारण तिच्या पेरांत आहे. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात आणि खोडाच्या लहानशा तुकड्यातूनही नवी वेल उभी राहते. त्यामुळे नुसती कापून तिथेच टाकली, तर कापणाराच तिची लागवड करतो. बी इतके हलके आणि केसाळ असते की वाऱ्यावर सहज दूर जाते. तणनाशकाने वेल जळते, पण ती ज्या पिकावर चढलेली असते तेही सापडते. जंगलात तर हा उपाय परवडतही नाही आणि शोभतही नाही.

मग शास्त्रज्ञांनी तिचा जुना शत्रू शोधला. पक्सिनिया स्पेगाझिनी हा तांबेरा फक्त मिकानियावर आणि तिच्या अगदी जवळच्या वनस्पतींवर जगतो. त्रिनिदादहून मिळवलेला त्याचा वाण इंग्लंडमध्ये आणि नंतर दिल्लीच्या विलगीकरण कक्षात इतर अनेक वनस्पतींवर तपासला गेला. २००५ साली आसामच्या चहामळ्यांत आणि २००६ साली केरळात तो सोडण्यात आला. केरळात आरंभी तो थोडा पसरला, पण दोन्हीकडे टिकला नाही. तैवान, पापुआ न्यू गिनी आणि फिजी येथे मात्र तोच तांबेरा रुजला.

भारतात म्हणून मुख्य भिस्त अजूनही खुरपणीवरच आहे. फुले येण्याआधी वेल मुळासकट उपटायची, तुकडे गोळा करून नष्ट करायचे आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच जागी यायचे, हेच काम मळ्यांत आणि जंगलांत चालू आहे.