पडलं तर? तळहातावरच्या ड्रोनची गोष्ट

ज्यांना बसच्या गोंगाटात ऐकता येत नाही, किंवा ज्यांचे इयरफोन घरच्यांनी जप्त केलेत, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय. बोलताना इकडेतिकडे सांडलेलं थोडं आवरलंय, बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय ड्रोन. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर घोंघावतो तो नव्हे. हा तळहातावर मावतो. बॅटरीसकट वजन साधारण तीस ग्रॅम, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातले सहा ए-फोर कागद. पुढे एक चिमुकला कॅमेरा, आणि त्यातलं चित्र थेट तुमच्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये. तुम्ही बसलेले सोफ्यावर, पण नजर चाललीय डायनिंग टेबलाच्या पायांमधून सुसाट. याला म्हणतात एफपीव्ही. स्वतः त्या ड्रोनमध्ये बसून उडवल्यासारखं.

पण मी सुरुवात याच्यापासून केली नव्हती. २०१९ साली मी उत्साहात एक मोठा रेसिंग ड्रोन जुळवला. पाच इंची पाती, बॅटरी धरून साडेसहाशे ग्रॅम. पुण्यातल्या आमच्या घरी, हॉलमध्ये टेबलावर ठेवून मोटरी तपासत होतो. आजी शेजारी मेथी निवडत बसलेली. तिने एकच प्रश्न विचारला, "अरे, हे कुणाच्या डोक्यात पडलं तर?"

मी म्हटलं, "नाही गं पडत आजी."

दोन महिन्यांनी सासवडच्या बाजूला मित्राच्या शेतात ते पडलं. बॅटरीचा पट्टा मी नीट आवळला नव्हता. वळण घेताना बॅटरी सुटली, मोटरी बंद, आणि अख्खं धूड दगडासारखं खाली आलं. बांधावरून एक शाळकरी मुलगा शेळ्या घेऊन चालला होता. त्याच्यापासून चार-पाच पावलांवर मातीत रुतलं. तो हसला. त्याला वाटलं गंमत झाली. माझे हात मात्र रिमोटवर थरथरत होते. नोंदणी, नियम यांचा विचार तोवर डोक्यात आलाच नव्हता, आणि ती चूक माझीच होती.

त्यानंतर काही महिने मी काहीच उडवलं नाही. पण वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की आजीचा प्रश्न या छंदात बराच मागे पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधणारे लोक भलत्याच वाटेने गेले होते. तोच इतिहास आज सांगतो.

चार पंखांवर उडायची कल्पना काही नवी नाही. १९२२ साली अमेरिकेत जॉर्ज डी बोथेझाट यांनी लष्करासाठी चार पंख्यांचं हेलिकॉप्टर बांधलं होतं. ते माणसासकट जमिनीवरून उचललंही. पण ते सांभाळणं वैमानिकाला इतकं जड जायचं की लष्कराने त्याचा नाद सोडला. अडचण समजून घ्या. चार पंख्यांचं यंत्र आपणहून स्थिर राहत नाही. जरा कललं की कुठल्या मोटरीचा वेग किती वाढवायचा, हे सेकंदाला शेकडो वेळा ठरवावं लागतं. माणसाच्या हाताला ते शक्य नाही. त्यासाठी कलणं ओळखणारा जायरो हवा आणि झटपट हिशेब करणारी चिप हवी. दोन्ही हलकं, दोन्ही स्वस्त.

ते स्वस्त कुणामुळे झालं? तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमुळे, आणि व्हिडिओ गेममुळे. निन्टेन्डोच्या वी या गेमसाठी 'मोशन प्लस' नावाची जोडणी मिळायची, तिच्यात जायरो होता. २०१०च्या सुमारास फ्रान्समधल्या अलेक्झांडर डुबू या हौशी माणसाने ती उघडली, आतला जायरो आर्डुइनो बोर्डाला जोडला आणि ड्रोन हवेत स्थिर ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'मल्टीवी'. आणि महत्त्वाचं म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याच वर्षी आयफोन ४ मध्ये जायरो आला. मग काय, एकेका फोनमध्ये एकेक जायरो. इतक्या प्रचंड संख्येने बनायला लागल्यावर किंमत कोसळणारच.

म्हणजे फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो, गेममध्ये फोन कलता केला की गाडी वळते, त्यामागे जे सेन्सर आहेत त्यांचेच भाऊबंद हे छोटे ड्रोन हवेत धरून ठेवतात. छोटे कॅमेरे आणि हलक्या लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्या त्याही फोनच्याच जोरावर. फोन ज्या मोटरने थरथरतो, त्याच जातीच्या जरा मोठ्या मोटरी पहिल्या चिमुकल्या ड्रोनना लागल्या.

मल्टीवीचा वारसा पुढे सरकत गेला. आधी बेसफ्लाइट, त्यातून २०१४च्या सुमारास क्लीनफ्लाइट, त्यातून २०१५ मध्ये बीटाफ्लाइट. एकाने लिहायचं, दुसऱ्याने सुधारायचं, तिसऱ्याने परत वाटायचं. आज तीस ग्रॅमच्या ड्रोनमध्येही बहुतेक वेळा बीटाफ्लाइटच असतं.

पण या काळात सगळ्यांची नजर होती वेगावर. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या आर्गोने गावाजवळच्या जंगलात काही हौशी मंडळींनी झाडांमधून ड्रोनची शर्यत लावली. तो व्हिडिओ जगभर फिरला. मार्च २०१६ मध्ये दुबईत मोठी स्पर्धा झाली आणि ल्यूक बॅनिस्टर हा पंधरा वर्षांचा ब्रिटिश मुलगा अडीच लाख डॉलरचं पहिलं बक्षीस घेऊन गेला. सगळ्यांना तेच हवं होतं. मोठी मोटर, मोठी बॅटरी, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग.

आता जरा गणित करू. घाबरू नका, दहावीचंच आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. साडेसहाशे ग्रॅमचा ड्रोन ताशी १०८ किलोमीटरने गेला तर त्याची ऊर्जा होते साधारण २९० ज्यूल. तीस ग्रॅमचा ड्रोन घरात ताशी १८ किलोमीटरने गेला तर ०.४ ज्यूलसुद्धा नाही. फरक सातशे पटींहून जास्त. पहिला डोक्याला लागला तर दवाखाना. दुसरा लागला तर, "ए, काय रे हे?"

हे उत्तर आलं खेळण्यांच्या कपाटातून. २०१५च्या अखेरीस होरायझन हॉबी या अमेरिकन कंपनीने 'इंडक्ट्रिक्स' नावाचा छोटा ड्रोन आणला. वजन वीस ग्रॅमच्या आसपास. कॅमेरा वगैरे काही नव्हता. पण चारही पंख्यांभोवती गोल कडी होती. भिंतीला आपटला तर भिंतीला लागायची कडी, पातं नाही. कोलोराडोमधल्या जेसी पर्किन्स यांनी त्याच्यावर एक चिमुकला कॅमेरा आणि ट्रान्समीटर बसवला, आणि २०१६ मध्ये 'टायनी व्हूप' हे नाव गाजलं. आपण कुठल्याही मशीनवरच्या प्रतीला झेरॉक्स म्हणतो ना, तसंच झालं. आज कुणीही बनवलेला, कडी असलेला चिमुकला एफपीव्ही ड्रोन म्हणजे 'व्हूप'.

बघा, नवीन शोध असा काही नव्हता. सगळे भाग आधीच होते. फक्त प्रश्न बदलला होता. 'किती जोरात जाईल?' याच्या जागी 'आपटल्यावर काय होईल?' हा प्रश्न आला. आणि त्या एका प्रश्नामुळे छंद मैदानावरून घरात आला. पाऊस असो, थंडी असो, रात्रीचे अकरा असोत.

इथून पुढे सुरू झाली ग्रॅमची लढाई. सुरुवातीच्या मोटरी ब्रशवाल्या होत्या. आतले ब्रश घासून झिजायचे आणि काही तासांच्या उडवण्यातच मोटरीचा जोर जायचा. २०१८च्या आसपास ब्रशलेस मोटरी एवढ्या लहान झाल्या की व्हूपवर बसल्या. आतल्या गाभ्याचा व्यास ८ मिलिमीटर, उंची २ मिलिमीटर, आणि एका व्होल्टला मिनिटाला सुमारे वीस हजार फेरे. शिवाय या मोटरी उलट्या फिरवता येतात. म्हणून 'टर्टल मोड' वापरता येतो. ड्रोन पाठीवर पडला तर बटण दाबायचं, तो कोलांटी मारून सरळ होतो. सोफ्याखाली काठी घालून काढायचे दिवस बरेचसे संपले.

व्हूप घेतल्यावर मी काय केलं? तीच जुनी खोड. 'अपग्रेड'. ३०० एमएएचची बॅटरी काढून ४५० ची लावली. म्हटलं दीडपट वेळ उडेल. बॅटरी आठ ग्रॅमवरून बारावर गेली. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? पण तीस ग्रॅमच्या ड्रोनला चार ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या पाठीवर आठ किलोचं दप्तर. वळणावर ड्रोन घसरत जायला लागला, खाली येताना थांबेना.

खरं अपग्रेड निघालं बॅटरीचा प्लग. थ्रॉटल दिला की व्होल्टेज धाडकन खाली यायचं. मी बॅटरीला शिव्या घालत होतो. दोष होता खेळण्यातल्या त्या जुन्या पांढऱ्या प्लगचा. त्याच्या बारीक पत्र्याच्या पिना, त्यातून पाच अँपिअर ओढायचे. एवढ्याशा जागी थोडा रोध असला तरी ३.७ व्होल्टच्या बॅटरीला तो जाणवतो. भरीव गोल पिनांचा प्लग सोल्डर केला, तर तीच बॅटरी, तीच मोटर, आणि ड्रोन वेगळाच. वजन जवळपास तेवढंच. मोठ्या ड्रोनच्या नादात मी हे कधी शिकलो नसतो.

आता आपल्याकडची गोष्ट. २५ ऑगस्ट २०२१ ला भारतात नवे ड्रोन नियम लागू झाले. त्यात २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि तो उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही. पण याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही हां. विमानतळ, लष्करी भाग यांच्या आसपास मनाई आहे, नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आखलेले आहेत. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. उडवायच्या आधी बघून घ्या. आणि बाहेर उडवत असाल तर डोळ्यांवर गॉगल असताना शेजारी एक मित्र उघड्या डोळ्यांनी उभा हवाच.

दुसरी तारीख, ९ फेब्रुवारी २०२२. त्या दिवशी सरकारने परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली. संशोधन, संरक्षण अशा कामांना सूट, सुट्या भागांना मुभा. हौशी मुलांसाठी याचा अर्थ सरळ होता. जुळवायला शिका. बोर्ड, चार मोटरी, फ्रेम, कॅमेरा ऑनलाइन, आणि सोल्डरची तार, हीटश्रिंक, वायरी पुण्यात पासोड्या विठोबापाशी नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. अडचण झाली खरी, पण तो ड्रोन आतून कसा असतो हे अनेकांना त्यामुळेच कळलं. मलाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येत नाही. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धात एफपीव्ही ड्रोन शस्त्र म्हणून वापरले जाताहेत. तसेच गॉगल, तशाच मोटरी, आणि अनेकदा तेच खुलं बीटाफ्लाइट. गेममधल्या जायरोपासून हौशी लोकांनी एकमेकांना वाटत आणलेलं ज्ञान तिथे स्फोटकं वाहून नेतंय. आजी विचारत होती, कुणावर पडलं तर? तिथे ते कुणावर तरी पडावं म्हणूनच उडवतात. हे कळल्यावर मी गॉगल फेकून दिला नाही. पण 'हे फक्त खेळणं आहे' असं आता मी म्हणत नाही. कोड खुला असला की तो कुणाच्या हातात जाईल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. आपल्या हातात आपला ड्रोन तेवढा असतो.

माझ्या हातात आता तीस ग्रॅमचा आहे. पहिल्यांदा हॉलमध्ये उडवला तेव्हा आजी त्याच जागी बसली होती. दुसऱ्याच मिनिटाला तो पडद्यात अडकला आणि तिच्या मांडीवर पडला. मी गॉगल वर करून बघितलं. तिने तो उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाली, "एवढंच होय? मग उडव. पण देवघरात नको."

तो नियम आमच्या घरात अजून लागू आहे.

तर मंडळी, तुमच्या घरचा नियम काय आहे, आणि तुमचं पहिलं फसलेलं अपग्रेड कोणतं, ते नक्की कळवा. आणि हो, बॅटरीचा पट्टा आवळून बघा. भेटू पुढच्या भागात!