पासंगासह मोजलेला हिवाळा

डिसेंबरची पहाट. साल 2010च्या आसपासचं, पण पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतल्या आमिश कुटुंबाच्या या गोठ्यात ते सांगणारं काही दिसत नाही. विजेची तार नाही. डिझेल इंजिनावर धारा काढायचं यंत्र धडधडतंय. तुमची बोटं गारठलीत. सूर्य उगवायला अजून दोन तास आहेत, आणि मग दिवस टिकणार साडेनऊ तासांहूनही कमी.

स्वयंपाकघरात गॅसबत्तीखाली कागद ठेवलाय. 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं, त्याच सुमारास जन्मलेली ही प्रश्नावली. झोप, लोकांत मिसळणं, मन, वजन, भूक, अंगातला जोर: ऋतूप्रमाणे काय किती बदलतं? प्रत्येकाला 0 ते 4 गुण. बेरीज 11 किंवा त्याहून जास्त झाली आणि त्याचा त्रासही होत असेल, तर संशयाला जागा.

पेन्सिल थबकते. प्रश्न इंग्रजीत, घरात बोलतात पेनसिल्व्हेनिया डच. आणि मनाची कुरकुर परक्या कागदावर उतरवायची?

आता जुलैत या. तेच टेबल, तोच कागद, दार सताड उघडं, बाहेर मक्याचं हिरवं रान. गेला हिवाळा आठवून पुन्हा उत्तरं द्यायचीत. घामाघूम असताना तुम्हाला डिसेंबर तेवढाच जड वाटतोय का? दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर माप भरवशाचं म्हणायचं. पण पासंग असलेला तराजूही रोज तेच वजन दाखवतो!

इथल्या 1,306 आमिश प्रौढांच्या उत्तरांतून हिवाळी नैराश्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी निघालं. उजेडात राबणारी निरोगी माणसं, असा अर्थ लावायचा मोह होतो. लावाही, दिवसभर शेतात उन्हाशी गाठ पडते, हे खरंच आहे. पण तुमचे रकाने पुन्हा बघा. झोप गाईंच्या वेळेवर. वजन उन्हाळ्यातल्या कामावर. ‘लोकांत कधी जास्त मिसळता?’ पुढे तुम्ही बेधडक नोव्हेंबर लिहिलंय. अर्थात! सुगी उरकली की इथे लग्नसराई लागते, मंगळवार-गुरुवारी शेकडो माणसांच्या पंगती उठतात. या रकान्यात मनापेक्षा शेतीचं पंचांगच जास्त उमटलंय, आणि ते जुलैत विचारा की डिसेंबरात, उत्तर बदलणार नाही.