घरची जुनी हाय-फाय सिस्टिम: बदलायची, दुरुस्त करायची की तशीच ठेवायची?

पंडित द. वि. पलुसकरांचा जन्म १९२१ साली नाशिकमध्ये झाला आणि १९५५ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. म्हणजे पलुसकरांचं गाणं आज ज्या रेकॉर्डवर ऐकायला मिळतं, ते मूळचं मोनो आहे. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येणार, मग सिस्टिम वीस हजारांची असो की दोन लाखांची.

हाय-फायच्या लेखात हे आधी सांगायचं कारण असं, की अपग्रेडचा निर्णय दुकानात सुरू होत नाही. घरात काय वाजतं, इथून तो सुरू होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी करून ऐंशीच्या दशकात हौसेनं घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल आणि दोन मोठे स्पीकर नाशिकच्या अनेक घरांत अजून आहेत. आवाज बसलाय, घरघर येते, एक बाजू मध्येच बंद पडते. मुलं म्हणतात, भंगारात द्या आणि साउंडबार घ्या. पण यातले बरेच आजार किरकोळ असतात.

आधी सुई बघा

रेकॉर्ड वाजत असतील तर पहिला संशय सुईवर घ्यावा. हिऱ्याची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तासांत झिजते. रोज एक तास ऐकणाऱ्याकडे ती दोन-तीन वर्षंच पुरते, आणि कित्येक घरांत ती वीस वर्षं बदललेली नसते. 'स'चा उच्चार फाटल्यासारखा येणं, रेकॉर्डच्या शेवटाकडे आवाज चिरका होणं, ही तिची लक्षणं.

इथे चालढकल महागात पडते. झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि त्या रेकॉर्डची खाच कायमची खरवडतात. अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या वर्षीही दुरुस्त होईल, खरवडलेली रेकॉर्ड कधीच होणार नाही. त्यामुळे शंका असेल तर सुई बदलेपर्यंत रेकॉर्ड वाजवूच नयेत.

जुन्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डसाठी सुईही वेगळी लागते. त्यांची खाच रुंद असते, तिला सुमारे ०.०७५ मिलिमीटर त्रिज्येचं टोक लागतं. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.०१८ मिलिमीटरचं. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन धूळ वाजवते. उलटा प्रयोग केला तर एलपीची वाट लागते.

घरघर, खरखर आणि फाटका ठेका

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना होणारी खरखर बहुतेक वेळा आत साचलेल्या धुळीची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं ती जाते. सतत येणारी जाड घरघर अनेकदा वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकल्यामुळे येते. तेही बदलता येतात, पण ते घरी करू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका बसेल एवढी वीज राहू शकते.

तबल्याचा डग्गा फाटल्यासारखा वाजत असेल तर स्पीकरची जाळी काढून वूफरची कडा बघावी. ती फोमची असेल तर दहा-वीस वर्षांत भुगा होते. नवी कडा चिकटवून देणारे कारागीर आहेत, स्पीकर फेकायची गरज नसते. नाशिकमध्ये एखादा सुटा भाग मिळाला नाही, तर सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणं हा जुन्या शौकिनांचा ठरलेला उपाय.

ट्रान्सफॉर्मर जळाला असेल किंवा एखादी आयसी कुठेच मिळत नसेल, तर मात्र हट्ट सोडून नवीन घ्यावं.

खोलीचा आवाज

गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत भिंती मातीच्या, तुळया लाकडाच्या आणि खाली जाजम. गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स, काँक्रीट आणि काचेची सरकदारं. हॉलमध्ये मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवावी. मागून झण्ण असा आवाज आला, तर गाण्यातही तो मिसळतोय. सिस्टिम कितीही भारी आणली तरी हा आवाज तिच्यासोबत राहणारच. सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी जो फरक पडतो, तो नव्या अ‍ॅम्प्लिफायरनं सहसा पडत नाही.

ठेक्याचं गणित वेगळं. बारा फूट रुंद खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या दुपटीचा खर्ज भिंतींमध्ये अडकून घुमतो. स्पीकर कोपऱ्यात असेल तर आणखीच. तो शोकेसमधून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवावा. खर्च शून्य. घरातल्यांची समजूत काढावी लागते, तो भाग वेगळा.

पैसे घालायचेच असतील तर

सुई, दुरुस्ती आणि खोली झाल्यावरही समाधान नसेल तर पैसे आधी स्पीकरवर घालावेत, कारण एका मॉडेलपासून दुसऱ्याच्या आवाजात सर्वांत जास्त फरक तिथेच असतो. वॉटच्या आकड्यांना भुलू नये. ५० वॉटचा १०० वॉट केला तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. तो दुप्पट भासायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. घरात रोजच्या आवाजात ऐकताना अनेकदा एक-दोन वॉटच खर्च होत असतात.

स्पीकरच्या महागड्या वायरी शेवटी, किंवा कधीच नाही. पाच-सहा मीटरसाठी घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते.

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, त्यात 'फोनो' इनपुट आहे का? टर्नटेबलकडून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्टचा असतो, सीडी प्लेअरचा २ व्होल्टपर्यंत. फोनो नसेल तर वेगळा प्रीअ‍ॅम्प घ्यावा लागतो. दुसरी, त्यात 'मोनो' बटण आहे का? मोनो रेकॉर्ड स्टिरिओ सुईनं वाजवताना हे बटण दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होतात आणि खाचेतली बरीच खरखर एकमेकींना खोडते. आजच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते नसतं, जुन्यांमध्ये बहुधा असतं. पलुसकर ऐकणाऱ्या घरात नवं मशीन हे एक पाऊल मागेही ठरू शकतं.

दुकानात तुलना करताना दोन्ही सिस्टिमचा आवाज सारखा ठेवायला सांगावं. जी थोडी मोठ्यानं वाजते तीच कानाला चांगली वाटते, आणि हे विक्रेत्याला चांगलं ठाऊक असतं. गाणंही आपल्या पाठ असलेलंच न्यावं.

अमेरिकेतून टर्नटेबल येत असेल तर

तिथलं मशीन १२० व्होल्टवर चालतं, त्यासाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. जुन्या टर्नटेबलची मोटर थेट या आकड्यावर फिरणारी असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या होतात. काळी एकचा षड्ज तीन सुरांनी उतरून खालच्या सप्तकातल्या काळी पाचवर येतो आणि गायक ओळखू येत नाही. डीसी किंवा क्वार्ट्झ मोटर असेल तर हा प्रश्न नाही. बॅगेत भरण्याआधी मोटर कुठली आहे, एवढं फोनवर विचारून घ्यावं.