शिखर समोर दिसत असताना परत फिरणं: बर्फावरच्या वाटाड्यांची २०० वर्षं

बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलरमध्ये पाणी टाकून टाकून हात दुखले, म्हणून आजचा भाग थेट बर्फात. पण सुरुवात आपल्याच गावापासून करू.

देवगिरीच्या किल्ल्यावर तुम्ही गेलाच असाल. शाळेची सहल असेल, नाहीतर पाहुणे आले म्हणून. वर चढताना 'अंधारी' लागते. डोंगराच्या पोटातून कोरलेला, वळणावळणाचा काळाकुट्ट रस्ता. शत्रूला आत घ्यायचं, दिशा चुकवायची आणि खंदकात पाडायचं, यासाठीच तो केलाय. तिथे मशाल घेऊन एक गाइड पुढे चालतो. "इथे पायरी आहे, इकडे भिंतीला धरा," असं सांगत. त्या पाच-दहा मिनिटांत आपण त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकतो. वर गेल्यावर मात्र त्याचं नावही विचारत नाही.

आज अशाच वाटाड्यांची गोष्ट. फक्त अंधारीऐवजी हिमनदी, आणि दहा मिनिटांऐवजी सहा-सात दिवस.

फ्रान्समधलं शामोनी आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट, या दोन गावांमध्ये आल्प्समधून एक उंच वाट जाते. तिचं नाव 'ओत रूत', म्हणजे उंचावरची वाट. वसंत ऋतूत लोक ती स्कीवरून पार करतात. सहा ते सात दिवस, रोज एका हिमनदीवरून दुसरीवर, रात्री डोंगरातल्या दगडी हटमध्ये मुक्काम. नेहमीच्या रस्त्यावरचा एक उंच टप्पा म्हणजे पिन्य दारोला हे शिखर, जवळपास ३८०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी अजून पाचशे मीटर उरतात.

आता तुम्ही म्हणाल, स्कीवरून तर घसरत खाली यायचं असतं, वर कसं जाणार? इथे खरी गंमत आहे. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला 'स्किन' म्हणतात. पूर्वी ती सील माशाच्या कातड्याची असायची, आता नायलॉन किंवा मोहेरची असते. तिच्यावरची लव एकाच दिशेला असते. मांजराच्या अंगावरून हात फिरवून बघा. एका बाजूने मऊ, उलट्या बाजूने खरखरीत. तसंच स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते, म्हणून चालता येतं. माथ्यावर पोचलं की पट्टी काढायची, टाच लॉक करायची आणि खाली घसरायचं. (सील हा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. बोलण्याच्या ओघात सुटलं, कमेंटमध्ये भांडू नका.)

हे सगळं कुणीही शिकू शकतं. न शिकता येणारी, किंवा शिकायला अर्धं आयुष्य लागणारी गोष्ट म्हणजे हिमनदी वाचणं. हिमनदी म्हणजे साधा गोठलेला उतार नाही, ती हळूहळू वाहत असते. वाहताना तिला खोल भेगा पडतात, त्यांना क्रेव्हास म्हणतात. वरून बर्फ पडून भेगेवर पूल तयार होतो आणि वरून सगळं एकसारखं पांढरं दिसतं. पूल मजबूत आहे की नाही, हे तापमानावर अवलंबून असतं. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारी ऊन चढायच्या आत हट गाठायचा. उशीर झाला की पूल मऊ पडतात आणि उतारावरचा बर्फही सुटायला लागतो. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस वाचवायचा असेल तर पहिली १०-१५ मिनिटंच महत्त्वाची. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत थांबता येत नाही, सोबतच्यांनीच खणून काढायचं.

म्हणून पुढे गाइड लागतो. या गाइड लोकांच्या संघटनेची सुरुवात मात्र एका अपघातातून झाली.

माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर. १७८६ साली ते पहिल्यांदा सर झालं. चढणारे दोघे शामोनीचेच होते: डोंगरात स्फटिक शोधणारा जाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल पाकार. मग शहरातले हौशी लोक यायला लागले आणि गावच्या शेतकऱ्यांना, शिकाऱ्यांना नवा रोजगार मिळाला.

१८२० च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर जोसेफ हॅमेल नावाचे रशियाहून आलेले शास्त्रज्ञ माँ ब्लाँ चढायला आले. सोबत आणखी काही पाहुणे आणि डझनभर गाइड. वाटेत हवा बिघडली, मुक्काम वाढला. गाइड मंडळी पुढे जायला नाखूश होती आणि साहेबांनी आग्रह धरला, असं सांगितलं जातं. पाहुण्यांपैकी जिनिव्हाच्या एकाने मात्र पुढे जायला साफ नकार दिला आणि तो मागेच थांबला. बाकीचे निघाले. वरच्या उतारावर ताजा बर्फ सुटला आणि त्यात तीन गाइड क्रेव्हासमध्ये गेले. पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ऑग्युस्त तेराज. नावं मुद्दाम सांगतोय, कारण अशा गोष्टींमध्ये साहेबाचं नाव लक्षात राहतं आणि पुढे चालणाऱ्याचं राहत नाही. हॅमेल आणि त्यांच्यासोबत वर गेलेले पाहुणे वाचले.

पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या गाइडनी आपली संघटना काढली. कंपनी दे गिद. आजही ती चालू आहे. नियम साधे होते: कामाची पाळी सगळ्यांना मिळेल, आणि कुणी गेला तर त्याच्या घरच्यांसाठी निधी असेल. मला यातली दुसरी गोष्ट फार मोठी वाटते. कारण ज्याच्या घरी उद्याच्या जेवणाची काळजी आहे, तो पैसेवाल्या पाहुण्याला 'नाही' म्हणू शकत नाही. मागे कुणीतरी उभं आहे हे माहीत असलं, की माणूस म्हणतो, "साहेब, आज नाही जायचं."

त्या तिघांची गोष्ट इथे संपत नाही. जेम्स फोर्ब्स नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हिमनदी किती वेगाने सरकते याची मोजमापं केली होती. त्यावरून त्याने अंदाज बांधला, की हे मृतदेह साधारण ४० वर्षांनी खाली, हिमनदीच्या तोंडाशी येतील. १८६१ मध्ये बोसों हिमनदीच्या टोकाशी हाडं, कपड्यांचे तुकडे, सामान बाहेर यायला लागलं. अपघातातून वाचलेला एक गाइड तेव्हा म्हातारा झाला होता. त्याने ते अवशेष ओळखले. ४१ वर्षांपूर्वीचे सोबती, त्याच्यापेक्षा कितीतरी तरुण राहिलेले.

आणि नेमक्या त्याच वर्षी, १८६१ मध्ये, लंडनच्या अल्पाइन क्लबच्या सदस्यांनी स्थानिक गाइडना सोबत घेऊन शामोनी ते झेरमॅट ही उंचावरची वाट पायी जोडली. तीच आपली ओत रूत. १९०३ च्या हिवाळ्यात शामोनीचेच डॉक्टर मिशेल पायो गाइडसोबत तिच्यावर स्की घेऊन गेले. १९११ मध्ये मार्सेल कुर्झ आणि त्यांच्या सोबत्यांनी बूर्ग सेंट पिएरहून झेरमॅटपर्यंतचा उंच भाग भर जानेवारीत स्कीवरून पार केला. तिथून पुढे ही वाट जगभरातल्या स्कीवाल्यांसाठी पंढरीच झाली.

पण वारी जितकी प्रसिद्ध, तितकी 'आता आलोच आहोत तर' ही भावना जास्त. सुट्टी टाकलेली, पैसे भरलेले, हट बुक केलेले. २९ एप्रिल २०१८ ला दहा जणांचा एक गट, त्यात एक अनुभवी गाइड, पिन्य दारोलावरून पुढे निघाला. हवा बिघडणार हा अंदाज होता. वर वादळाने गाठलं. समोरचं काही दिसेना. चौघांचा दुसरा एक गटही त्यांच्यासोबत अडकला. सगळ्यांनी रात्र उघड्यावर काढली. सकाळी कळलं की विन्येत हट तिथून काही शे मीटरवर होता. एकूण १४ जणांपैकी सात जण गेले, त्यात तो गाइडही होता.

काही शे मीटर! क्रांती चौकापासून पैठण गेटपर्यंत सुद्धा नाही.

मोबाइलच्या स्क्रीनवर हे वाचून "मूर्खपणा केला" म्हणणं सोपं आहे. मी सॉफ्टवेअरवाला आहे. शुक्रवारी संध्याकाळी काहीतरी बिघडत असताना "अजून एक फिक्स टाकतो, होईल" म्हणत रात्र घालवणारे मी पाहिलेत, त्यातला एक मीच. रोलबॅक करायला एक मिनिट लागतं, पण तो करायला मन तयार होत नाही. आमच्याकडे फार तर वीकेंड जातो. तिथे जीव जातो. मन मात्र दोन्हीकडे सारखंच चालतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात स्कीचं गाव म्हणजे गुलमर्ग. १९२७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब काढला. १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धातच, जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने लष्कराची स्की शाळा तिथे सुरू झाली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. १९७८ मध्ये या शाळेचे प्रमुख होते कर्नल नरेंद्र कुमार, टोपणनाव 'बुल'. त्यांच्या हाती एक नकाशा आला. त्यात सियाचीन पाकिस्तानात दाखवली होती. कुमार मोहीम घेऊन तिथे गेले, १९८१ मध्ये परत गेले आणि ७६ किलोमीटरची ती हिमनदी त्यांनी तोंडापासून उगमापर्यंत पालथी घातली. १३ एप्रिल १९८४ ला कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला खिंडीत उतरली आणि ऑपरेशन मेघदूत सुरू झालं.

सियाचीनचं वेगळेपण असं, की तिथे परत फिरायचा निर्णय जवानाच्या हातात नसतो. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने जास्त माणसं नेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, दहा जवान गेले. त्यातले एक आपल्या सातारा जिल्ह्यातले होते. म्हणून वाटतं, ज्यांना परत फिरायची मुभा आहे त्यांनी ती वापरावी. ती सगळ्यांना मिळत नाही.

आणि याच बुल कुमारांची एक जुनी गोष्ट आहे. १९६० ची पहिली भारतीय एव्हरेस्ट मोहीम. कुमार, नवांग गोम्बू आणि सोनम ग्यात्सो शिखराच्या साधारण २०० मीटर खाली पोचले होते. वारा आणि बर्फ इतका, की पुढे जाणं म्हणजे परत न येणं. ते फिरले. पाच वर्षांनी, १९६५ मध्ये, गोम्बू आणि ग्यात्सो दोघेही शिखरावर उभे राहिले. कुमार त्या मोहिमेचे उपनेते होते. ते स्वतः एव्हरेस्टवर कधीच पोचले नाहीत. पण फिरले म्हणून सियाचीनपर्यंत पोचले.

आता शेवटची गोष्ट, आपल्या संभाजीनगरची. प्राध्यापक मनीषा वाघमारे. २०१७ मध्ये त्या एव्हरेस्टवर होत्या. शिखर अवघं १७० मीटर उरलं होतं. हवामान खराब झालं आणि त्या परत आल्या. विचार करा, वर्षानुवर्षांची तयारी, उभा केलेला पैसा, गावाकडच्या लोकांच्या नजरा. आपल्याकडे तर परत आलेल्याला पहिला प्रश्न काय विचारतात? "मग, झालं का नाही?" तरीही त्या फिरल्या. आणि मे २०१८ मध्ये त्या पुन्हा गेल्या आणि शिखरावर पोचल्या.

बातमी २०१८ ची मोठी झाली. साहजिक आहे. पण मला वाटतं, इतिहास २०१७ मध्येही घडला होता. फक्त त्याचा फोटो नव्हता.

ओत रूतच्या हिमनद्या आज झपाट्याने वितळतायत. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा साधारण १० टक्के बर्फ गेला. कालची वाट आज तशी राहत नाही. म्हणजे जुन्या नकाशापेक्षा, मोबाइलमधल्या रेघेपेक्षा, आज सकाळी बर्फाकडे बघून "नको" म्हणणाऱ्या माणसाची गरज वाढतच जाणार आहे.

तर मंडळी, उद्या तुम्ही मनालीला जा, हरिश्चंद्रगडावर जा, नाहीतर नशिबाने आल्प्समध्ये जा. गाइड निवडताना त्याने किती शिखरं केली हे विचाराच, पण आणखी एक विचारा: "दादा, तुम्ही किती वेळा अर्ध्यातून परत आणलंत?" उत्तर देताना तो अडखळला नाही, उलट हसून दोन-तीन गोष्टी सांगायला लागला, तर त्याच्या मागे बिनधास्त चाला.

आणि देवगिरीच्या अंधारीत पुढच्या वेळी गेलात, तर मशालवाल्याचं नाव विचारून या. भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा!