पलटणींतील सुभेदाराचा अलिखित अधिकार

मल्हारराव होळकरांस ‘सुभेदार’ म्हणत, आणि त्या एका शब्दांत माळव्याचा कारभार सामावलेला असे. सभासदाच्या बखरींतील गडाचा हवालदार हाहि लहान असामी नव्हे. सरनोबत व सबनीस यांच्या जोडीनें गड सांभाळणारा तो अधिकारी होता. हेच शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत गेले तेव्हां त्यांचें वजन घटलें. तेथील सुभेदार म्हणजे सुमारें शंभर शिपायांच्या तुकडीवरील एतद्देशीय अंमलदार, आणि हवालदार तर त्याहूनहि खालचा. पलटणींतील सर्वांत जुना सुभेदारसुद्धां विलायतेहून कालच उतरलेल्या एन्साइनाच्या हाताखालचा, असा कायदा होता. कंपनीच्या नोकरींत कॅडेट सोळाव्या वर्षींहि येत असे. इकडे सुभेदाराची नुसती नोकरीच पुष्कळदां त्याच्या वयाच्या दुप्पट भरे. या दोघांमध्यें खरा हुकूम कोणाचा चालत असे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कायद्याचें उत्तर सोपें आहे, पण तें अपुरें आहे. नव्या साहेबास शिपायांची भाषा येत नसे. कोणाचें घर कोणत्या गांवीं, कोणाचें कोणाशीं वैर, रजेचें कारण खरें कीं बनावट, वाण्याच्या वहींत कोण किती बुडाला आहे, हें सारें सुभेदारास ठाऊक असे. साहेबाचा हुकूम सुभेदाराच्या तोंडून बराकींत जाई. आणि जातां जातां त्यांतील जें फिरवावयाचें तें फिरत असे, असें आम्ही समजतों. यास कोणी बेअदबी म्हणेल. आमच्या मतें पलटण चालली ती यामुळेंच. १७९६ सालच्या फेररचनेनें पलटणींतील गोऱ्या अंमलदारांची संख्या पुष्कळ वाढविली, आणि जें काम पूर्वीं सुभेदार सहज करी तें साहेबांकडे गेलें. मान राहिला, काम गेलें. पुढें सुभेदार-मेजर हा नवा हुद्दा आला. पण पलटणीची सूत्रें साहेबांच्याच हातीं राहिलीं.

अधिकार खरा कोणाचा याची परीक्षा संकटाच्या दिवशीं होते. कोरेगांवची लढाई घ्या. ता. १ जानेवारी १८१८ रोजीं शिरूरहून पुण्याकडे निघालेला कप्तान स्टॉन्टन भीमेकांठीं पेशव्यांच्या फौजेशीं गांठला गेला. त्याजबरोबर पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे सुमारें पांचशें पायदळ, सुमारें तीनशें स्वार, मद्रासी तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज आणि दोन तोफा एवढेंच बळ होतें. गोरे अंमलदार डॉक्टर धरून आठ. त्यांपैकीं लेफ्टनंट चिझम व डॉक्टर विंगेट ठार झाले, आणखी तिघे जखमी होऊन पडले; त्यांतील पॅटिन्सन पुढें मरण पावला. दिवस मावळेपर्यंत धड उभे असे तिघे राहिले, त्यांतहि एक डॉक्टर. गांवांतील गल्ल्या, गढी, घराघरांच्या भिंती, पाण्यावांचून तळमळणारे शिपाई, आणि त्या सर्वांवर हुकूम करण्यास दोन साहेब! एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत आवाज पोंचणें कठीण, तेथें तुकड्या कोणाच्या शब्दावर टिकून राहिल्या? सुभेदार, जमादार व हवालदार यांच्या, हें उघड आहे. स्तंभावर पडलेल्यांचीं नांवें कोरलीं आहेत. पण त्या दिवशीं कोणत्या भिंतीआड कोणत्या सुभेदारानें काय सांगितलें, याची नोंद खलित्यांत नाहीं. खलिता साहेबानें साहेबास लिहावयाचा असे.

जेथें साहेबच थोडे ठेवले तेथें हा अधिकार उघडपणें मान्य झालेला दिसतो. मुंबई फौजेंतील जॉन जेकब यानें सिंधच्या सीमेवर सोळाशें स्वारांच्या दोन रेजिमेंटी चार-पांच गोऱ्या अंमलदारांवर चालविल्या. साहेब थोडे असावे, व एतद्देशीय अंमलदारांच्या हातीं खरें काम असावें, हा त्याचा आग्रह. ही शिलेदारी पद्धत, म्हणजे ज्याचा घोडा त्याचाच. तिचें मूळ कोठें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. १८५७ च्या उठावानंतर सर्वच पलटणींत गोरे अंमलदार कमी झाले आणि तुकड्या पुन्हा सुभेदारांकडे आल्या.

उलट बाजू सीतारामाच्या आत्मवृत्तांत आहे. बंगाल फौजेंत बढती केवळ नोकरीच्या वर्षांवर मिळे. त्यामुळें सुभेदारी हातीं आली तेव्हां आपण म्हातारे व निरुपयोगी झालों होतों, असें तो सांगतो. जुने साहेब शिपायांची भाषा बोलत, त्यांच्यांत मिसळत. नवे तसे नाहींत, हीहि त्याची तक्रार. मुंबईकडे बढतींत लायकी अधिक पाहत, हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मात्र सीतारामाचें हें वृत्त नॉरगेटच्या १८७३ सालच्या इंग्रजी भाषांतरावरूनच आपणांस माहीत आहे. मूळ हस्तलिखित हातीं आलेलें नाहीं, म्हणून त्याच्या अस्सलपणाविषयीं वाद आहे. संग्राहकांस हें दुःख वेगळें समजावून द्यावयास नको.

असो. सीतारामाचा मूळ कागद हरवला, पण मुंबईच्या सुभेदारांचे कागद तरी आम्हीं कोठें गोळा केले? सरदारांचे वाडे, देवस्थानें, जोशी-कुळकर्ण्यांचीं दफ्तरें आम्हीं पालथीं घातलीं. दापोलीच्या छावणीभोंवतीं पेन्शनर अंमलदारांची वस्ती होती, तिकडे फारसें कोणी वळलें नाहीं. त्यांतलीं कित्येक घरें महारांचीं होतीं, हें त्याचें एक कारण आहे, आणि तें लपवूं नये. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार व पलटणीच्या शाळेचे शिक्षक. १८८६ सालीं फौजेंतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं, महारांची भरती बंद झाल्यावर, १८९४ सालीं मराठींत विनंतिपत्र तयार केलें. ज्यांच्या शब्दावर पलटणी उभ्या राहिल्या त्यांनींच आतां शिपाईगिरीसाठीं अर्ज करावा! अशा विनंतिपत्रांचे मसुदे, पेन्शनीचे दाखले, नोकरीचीं सर्टिफिकिटें, पलटणींतून घरीं आलेलीं मोडींतील पत्रें ज्या घरीं असतील तीं लग्नाच्या पेटींत किंवा देव्हाऱ्यामागें असावयाचीं. तीं मागावयास जातांना प्रथम सुभेदाराच्या नातवास ‘सुभेदारसाहेबांचें घर हेंच ना?’ असें विचारावें. दार लौकर उघडेल.